पेरभर कोरं रबर

रविवार, अकरा मे. रक्कम चोवीस हजार सहाशे रुपये; यात दोन टायर, फिटिंग, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह आले. ठिकाण शांती नगरमधलं टायरचं दुकान. हजर तिघं: मी, माझी बायको आणि दुकानाचे शेठ. जेसल पार्कच्या घरून मी मोटरसायकलवर आलो आणि बायको माझ्या मागोमाग रिक्षाने आली. मोटरसायकलची मागची सीट रिकामी होती. त्या सीटसाठीच सगळा खर्च चालला होता.

गाडी साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची. बायकोचं ऑफिस घोडबंदर रोडवर, ठाण्याच्या बाजूला. माझं त्याच्या चार किलोमीटर पुढे. सहा वर्षं ती रोज माझ्या मागे बसून गेली. वाटेत नऊ सिग्नल लागतात. हेल्मेटमुळे चालत्या गाडीवर बोलता येत नाही, म्हणून जे बोलायचं ते सिग्नलला. गॅस नोंदवला का, मुलीचा फोन आला का, सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला कधीची तारीख मिळाली. संध्याकाळी घरी दोघंही दमलेलो असतो, टीव्ही लागलेला असतो. आमचा संसार बराचसा त्या नऊ सिग्नलांवर झालेला आहे.

एप्रिलमध्ये ऑफिसच्या वाटेवरच्या घाटात एका डाव्या वळणावर मागचं चाक वीतभर बाहेर सरकलं. आम्ही पडलो नाही. वळण संपल्यावर तिने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, मी थांबलो, ती उतरली. हेल्मेट काखेत धरून म्हणाली, "मी बसने जाते."

चूक माझी होती आणि ती आकड्यात सांगता येते. त्याच्या तीनच दिवस आधी मी मागच्या टायरच्या खाचा मोजल्या होत्या. एक पूर्णांक नऊ मिलिमीटर. "अजून दीड हजार किलोमीटर आरामात निघतील," असं मी जेवताना म्हणालो होतो. टायर मधोमध झिजून पाटासारखा चपटा झाला होता आणि चपटा टायर वळणावर दगा देतो, हे मला माहीत होतं. पण माझ्या वहीत चपटेपणाचा रकाना नव्हता. पुढचे तीन आठवडे बायकोने माझं ते वाक्य तिच्या बहिणीला, इस्त्रीवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला ऐकवलं. 'आरामात' हा शब्द ती अगदी माझ्यासारखा म्हणायची.

तिची अट सरळ होती. "टायर घ्या, नाहीतर गाडी विका. पण टायर घेतले म्हणून मी बसले, असं नाही. बसायचं की नाही ते मी ठरवणार. तुमची वही नाही ठरवणार."

दुकानात शेठनी तीन जोड मांडले. पहिला स्वस्त आणि कडक, खूप टिकणारा. तिसरा महाग आणि मऊ, रस्त्याला चिकटणारा, पण तो गरम झाल्यावर चिकटतो, आणि आमचं घर ते पहिला सिग्नल या अंतरात चहासुद्धा गरम होत नाही. मधला स्पोर्ट टूरिंग: मध्ये कडक रबर, दोन्ही कडांना मऊ, पाण्याला वाट काढून देणाऱ्या खोल खाचा. मी मधला म्हटलं. मग बाजूवरचे चार आकडे वाचले. मागचा टायर आदल्या वर्षीच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला निघाला.

"साहब, टायर है, दही नहीं है," शेठ म्हणाले.

"फिर भी ताजा दीजिए."

त्यांनी माळ्यावरून चालू वर्षाच्या सातव्या आठवड्यातला काढून दिला आणि बायकोकडे वळले. "मॅडम, अब आप आँख बंद करके बैठो."

"आँख तो मैं पहले भी बंद ही रखती थी," ती म्हणाली. शेठनी बिल फाडलं.

टायरबरोबर एक पत्रक आलं. नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो. पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवावं, गाडी एकदम वाकवू नये. मी ते शब्दशः घेतलं. घाट टाळण्यासाठी ऑफिसला गाडी नेलीच नाही. तो आठवडा आम्ही दोघं एकाच बसने गेलो, ती बसलेली, मी उभा. पुढच्या रविवारी पहाटे हायवेला लागलो आणि उत्तरेला शंभर किलोमीटर जाऊन परत आलो. यू-टर्नला पाय टेकत, म्हातारा गाडी ढकलतो तसा वळलो. दोनशे एक पूर्णांक चार किलोमीटर.

त्यानंतर चाचणी. जुन्या टायरचं ब्रेकचं अंतर मी ते उतरवण्याआधीच मोजून ठेवलं होतं: ताशी चाळीसवरून थांबायला साडेअकरा मीटर, सात वेळांची सरासरी. आता खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर, जुने मोजले होते तिथेच, सकाळी सहाला, नव्यांची मोजणी. खडूची रेघ बायकोने मारली, टेपचं एक टोकही तिनेच धरलं. कोरड्या रस्त्यावर नऊ मीटर दहा सेंटिमीटर. मग वीस लिटरचे दोन कॅन ओतून ओल्या रस्त्यावर दहा मीटर तीस. फिरायला आलेला एक मुलगा थांबून म्हणाला, "काका, रील बनवताय का?"

"मोजतोय."

"मग काकींना चालवू द्या ना, व्ह्यूज येतील."

मी वही बंद केली आणि बायकोला म्हणालो, "ओल्यातसुद्धा जुन्यापेक्षा एक मीटर वीस सेंटिमीटर आधी थांबते. बस आता."

ती गाडीवर बसली नाही. मागच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि टायरवरून हात फिरवला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. मधले सगळे गेले होते. कडांचे जसेच्या तसे होते.

"मधे गुळगुळीत दाढी," ती म्हणाली, "आणि गालांवर केस तसेच. गाडी वाकली की यातला कुठला भाग रस्त्याला लागतो?"

"कडेचा."

"म्हणजे तो अजून नवाच आहे. निसरडा."

मी वही परत उघडली.

"अहो, घसरलो आपण वळणावर. आणि तुम्ही मोजलंत सगळं सरळ."

वीस वर्षं मी बांधकामाची बिलं तपासतो. एवढी नेमकी हरकत माझ्या कुठल्या बिलावर कोणी घेतलेली नाही.

कडा घासायच्या तर गाडी वाकवायला हवी, आणि घाटात जाऊन ते शिकण्यात अर्थ नव्हता. मी तिला आधीच सांगून टाकलं की रोजच्या वापरात कड शेवटपर्यंत कधीच घासली जात नाही, थोडी पट्टी कोरी राहतेच. ती म्हणाली, "किती?" मी मिलिमीटरमध्ये सांगायला लागलो. तिने तर्जनी वर केली. "भाताला पाणी किती घालतो? तांदळाच्या वर एक पेर. कडेला एक पेर कोरं राहिलं तर चालेल. त्याच्या वर नाही."

पुढच्या रविवारी आम्ही लग्नाच्या हॉलमागच्या मैदानात गेलो. मी गाडीवर, ती रिक्षाने, हेल्मेट घेऊन. लग्न नसेल तेव्हा तिथे पार्किंग असतं. मैदान एका जुन्या गाववाल्या कुटुंबाचं, पूर्वीचं भातशेत. दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्या घरातले म्हातारे काका पावतीपुस्तक घेऊन बसलेले असतात. मी दोन विटा ठेवल्या आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायला लागलो.

दहा फेऱ्यांनंतर काकांनी हात केला. "काय रं, काय हरवलाय काय?"

"नाही काका. टायर घासतोय."

"नवा हाय ना तो?"

"नवा आहे म्हणूनच."

काकांनी बायकोला शेजारची खुर्ची दिली. "तुमचं कोन?"

"मिस्टर."

"डोका बरा हाय ना?"

"डोकं बरं आहे. टायरचाच प्रश्न आहे."

"तासाला वीस रुपये," काका मला ओरडून म्हणाले.

"पण काका, मी पार्क कुठे केलीय? गाडी तर फिरतेय."

"उभी रवली तं एक जागा खाते. फिरली तं सगला मैदान खाते. तरी वीसच मांगतंय मी."

क्षेत्रफळाच्या हिशोबाने ते बरोबर होतं.

दर वीस फेऱ्यांनी मी थांबायचो आणि बायको येऊन दोन्ही कडांना बोट लावायची. सुरुवातीला दोन्हीकडे दोन पेरं. मग पावणेदोन. हळूहळू गाडी जास्त वाकत गेली आणि उजवीकडचे केस भराभर झिजले. दीड तासाने उजवीकडे एक पेर उरलं, नेमकं. डावीकडे मात्र दीड.

"टायर एकच आहे ना?" तिने विचारलं. "मग डावीकडे का नाही?"

मी फेऱ्या मोजल्या होत्या. दोन्ही बाजूंना सारख्याच. तसं मी तिला सांगितलंही. मग दोन्ही कडा पुन्हा पाहिल्या. डाव्या वळणावर मी गाडी कमी वाकवत होतो. घाटातलं ते वळण डावं होतं. प्रत्येक डाव्या फेरीला, वीट जवळ आली की माझे खांदे आपोआप ताठ होत होते, हे मला तेव्हा कळलं. तिला बहुधा खुर्चीत बसल्या बसल्या आधीच कळलं असावं.

"घाबरताय तुम्ही," ती म्हणाली. चिडवत नव्हती.

"थोडा."

"एवढे दिवस मला वाटत होतं, मीच घाबरलेय." तिने काकांच्या पायाशी ठेवलेलं हेल्मेट उचललं, घातलं, पट्टा लावला.

"अजून दीड पेर आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. सावकाश चालवा. मी आहे मागे."

ती बसली. मागचं शॉकअप ओळखीचं तेवढंच दबलं. पहिल्या दोन फेऱ्या मी जवळजवळ सरळच काढल्या. तिसऱ्या डाव्या फेरीला तिने खांद्यावर थोपटलं, एकदाच. मी वाकलो. गाडी वळली आणि जिथे यायला हवी होती तिथेच आली. चाळीस फेऱ्यांनंतर तिने उतरून बोट लावलं. एक पेर आणि जरासं वर.

"भात थोडा मऊ होईल," ती म्हणाली आणि परत बसली.

दारापाशी काकांनी खुर्चीतूनच हात आडवा केला. दोन तास पाच मिनिटं झाली होती; पाच मिनिटं त्यांनी सोडली. शेवटी दिलेली रक्कम चाळीस रुपये, पावतीसह, मैदानाच्या काकांना. पैसे बायकोने दिले, मागच्या सीटवरून, कारण माझे दोन्ही हात हँडलवर होते.