तीन संदर्भ आणि माझं अर्धं पान

मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुकानात टायपिंग करता करता मी एका वाक्यापाशी अडलो... ठाकुर्ली स्टेशनजवळ आमचं डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान आहे, तिथे मी प्रबंध टाइप करतो. स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, पण दुसऱ्याच्या पीएचडीतली एक वेलांटी चुकली तरी मला चैन पडत नाही.

माधवीताईंचं काम चालू होतं. त्या ठाण्यात कॉलेजात शिकवतात, विषय खाडीकाठची मिठागरं. सबमिशनला आठ दिवस उरलेले.

चौथ्या प्रकरणात एक वाक्य आलं. अमावास्येला मिठागरं बंद असत, त्या दिवशी तिथे पाऊल टाकणं अशुभ मानत. खाली तीन संदर्भ होते : एक ब्लॉग, वर्तमानपत्राच्या पुरवणीतला एक लेख आणि एका गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका. जवळजवळ अख्खं प्रकरण या एका गोष्टीवर उभं होतं.

ती स्मरणिका आमच्याच दुकानात झाली होती... आणि ते वाक्य माझं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वी त्या स्मरणिकेचं शेवटचं अर्धं पान रिकामं राहत होतं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "टाक रे काहीतरी जुनं जुनं, लोकांना आवडतं." मी टपरीवर कुणाकडून तरी ऐकलेलं चार ओळींत लिहिलं. वजन यावं म्हणून खाली जोडलं, 'जुन्या जाणत्यांच्या सांगण्यावरून'. कसले जाणते... मी त्या माणसाचं नावही विचारलं नव्हतं.

ब्लॉग उघडला, मग तो लेख शोधला. दोन्ही स्मरणिकेनंतरचे, दोन्हीकडे माझंच वाक्य, स्वल्पविरामासकट. म्हणजे संदर्भ तीन नव्हतेच. एकच होता, आणि तो मी.

गप्प राहिलो असतो तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण व्हायव्हात कुणी विचारलंच, तर उभ्या राहणार होत्या ताई, मी नाही... दोन तास फोन हातात धरून बसलो आणि शेवटी लावला.

सगळं सांगून टाकलं. ताई म्हणाल्या, "अरे, तीन ठिकाणी सापडलं म्हणून मी निर्धास्त होते रे!" मी सॉरी म्हणायच्या आत पुढे म्हणाल्या, "मी तरी कुठे कुणाला विचारायला गेले? उद्या कोपरीला चल माझ्याबरोबर."

कोपरीत ताईंच्या ओळखीच्या जानकीआजी राहतात. तरुणपणी मिठागरात राबलेल्या, आता मुलाकडे एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर. ताईंनी मलाच विचारायला लावलं.

"अवसेला सुट्टी? कोनी सांगला तुला?"

ताई म्हणाल्या, "आजी, यानेच छापलंय ते."

"मंग येकदा तरी मिठागरान उतरला असतास!" आजी खो खो हसल्या. मग नीट समजावून सांगितलं... अमावास्येला उधाणाची भरती येते, तेच पाणी आत घ्यायचं असतं. त्या दिवशी तर घरातलं लहानथोर सगळं कामावर. सुट्टी कसली!

म्हणजे मी लिहिलेलं नुसतं निराधार नव्हतं, नेमकं उलटं होतं.

ताईंनी पाच दिवसांत प्रकरण नव्याने लिहिलं, मी टाइप केलं. माझ्याच आग्रहावरून एक तळटीप राहिली : स्मरणिकेतली माहिती ऐकीव, तिला आधार नाही. त्याखाली आजींचं नाव, गाव आणि बोलणं झालं ती तारीख. ते पान दाखवायला गेलो तर आजी म्हणाल्या, "माजा नाव येवढा बारीक?"

परवा त्याच मंडळाची यंदाची स्मरणिका आली. शेवटचं अर्धं पान पुन्हा रिकामं, सेक्रेटरी पुन्हा तेच म्हणाले... मी विचारलं, "कोणी सांगितलंय ते सांगा, त्यांच्या नावाने टाकतो."

अजून कुणी नाव सांगायला आलेलं नाही. पान कोरंच जातंय छपाईला, आणि आजी, ते तुमच्यामुळे.