बुडालेल्याचा ग्लास

किलीबेग्जच्या बंदरात कुणालाही विचारा, कॉन्डी मरिन कोण? सांगतील, "तो बोंबलणारा!" आमच्या बँडचा गायक. तो गातो असं म्हणायला धाडस लागतं. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून स्टेजवर येतो, ॲकॉर्डियनला छळतो आणि दारू, वादळ, फुटलेली जहाजं यांच्या नावानं ओरडतो. मी मागे ड्रम बडवतो. पबचा मालक आमच्या कार्यक्रमाआधी फळीवरच्या चांगल्या बाटल्या खाली काढून ठेवतो, इतका आमच्यावर त्याचा विश्वास. एरवी कॉन्डी ट्रॉलरवर बांगड्याची जाळी ओढतो, आणि एवढा धिप्पाड गडी मम्मीला विचारल्याशिवाय केससुद्धा कापत नाही.

बँजो त्याचा धाकटा भाऊ मॅनस वाजवायचा. अंगानं काडी, जिभेनं मिरची. "दादा, तू सूर लावतोयस की बोट बंदराला लावतोयस?" असं भर कार्यक्रमात विचारायचा. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्यानंच रचलेलं. पबमधले लोक बुडालेल्या खलाशाला हाका मारतात, ये बाबा, तुझी बिअर राहिलीय. गाणं सुरू होताना काळ्या बिअरचा भरलेला ग्लास स्पीकरवर ठेवायचा. कडवं संपलं की सगळ्यांनी पाय आपटून हाक मारायची. खलाशी काही येत नाही. मग शेवटी कॉन्डी तो ग्लास घटाघटा रिकामा करतो आणि ओरडतो, "गेला रे गेला!" लोक हसून लोळायचे.

फेब्रुवारीत मॅनस ट्रॉलरवरून पाण्यात पडला. कॉन्डी त्याच बोटीवर, खाली झोपलेला.

सगळं गाव किनाऱ्यानं चाललं. बोटी फिरल्या, पाणबुडे उतरले. मॅनस सापडला नाही. त्याची आई उना म्हणाली, "पोर घरी आल्याशिवाय चर्चमध्ये त्याच्या नावाची मास-प्रार्थना नाही." फादर दोनदा समजवायला गेले. तिनं त्यांना चहा पाजला, केक खाऊ घातला आणि वाटेला लावलं. टेबलावर मॅनसचं ताट रोज मांडलं जात होतं.

कॉन्डी रडला नाही. पुन्हा बोटीवर जायला लागला. काहीही विचारा, उत्तर एकच, "चालेल." मला त्याचा भयंकर राग यायचा. एकदा म्हटलं, "लेका, निदान कुणाला एक ठोसा तरी मार!"

त्यानं खरंच विचार केला. "कुणाला मारू?"

मी तरी कुठे रडलो होतो! जाळी शिवत बसायचो आणि आत काही हलायचं नाही. त्याची लाज वाटायची, तीसुद्धा वरवरची.

ऑगस्टमध्ये बोटींना आशीर्वाद देण्याचा सण आला. धक्क्यावर तुम्हीच वाजवा, असं लोकांनी सांगितलं.

"वाजवू," कॉन्डी म्हणाला.

"आणि ते गाणं?"

"मागतीलच."

"आणि ग्लास, कॉन्डी?"

त्यानं बुटाला चिकटलेला खवला नखानं खरवडला. "प्यायलो तर मम्मीच्या तोंडावर सांगितल्यासारखं होईल, मॅनस मेला म्हणून."

"आणि नाही प्यायलास तर?"

"तर तो अजून यायचाय."

दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. बँजोच्या जागी आम्ही कुणाला घेतलं नव्हतं. उना कोटाची सगळी बटणं लावून पहिल्या रांगेत बसली होती. सणाला बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी गाणं मागितलंच. कॉन्डीनं ग्लास ठेवला आणि औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसं गाणं म्हटलं. हाकेच्या वेळी पाहुणे पाय आपटत होते. गावातलं कुणी हाक मारत नव्हतं. उना मात्र प्रत्येक हाकेला वळून समुद्राकडे बघत होती.

शेवटी कॉन्डीनं ग्लास उचलला आणि तसाच उभा राहिला. मी ठेका चालू ठेवला, मग माझेच हात थांबले.

"अरे, पी की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तोंड बंद कर, गाढवा," आमच्या बेकरीवालीनं त्याला झापलं.

उना उठली. फळ्यांच्या पायऱ्या चढून स्टेजवर आली. या बाईनं शाळेत असताना दारू न पिण्याची शपथ घेतलेली; त्या शपथेची पिन कायम तिच्या कोटावर असायची. ती तिनं काढली आणि माझ्या हातात दिली.

"आण इकडे," ती कॉन्डीला म्हणाली.

"मम्मी, तू पीत नाहीस."

"मी काय करत नाही ते मला माहीत आहे."

ती प्यायली. मध्ये दोनदा थांबली, तोंड वाकडं केलं, पण ग्लास तळापर्यंत संपवला.

"उद्या फादरकडे जा," ती म्हणाली. "मास ठेवायला सांग."

"तो अजून सापडला नाही, मम्मी."

"नाही सापडायचा, बाळा."

कॉन्डी मटकन खाली बसला आणि रडायला लागला. ॲकॉर्डियन छातीवर तसंच बांधलेलं होतं. प्रत्येक हुंदक्याला ते उघडायचं, मिटायचं आणि कण्हायचं. माझ्या डोळ्यांना धार लागली. उनानं त्याच्या खांद्यावरचे पट्टे सोडवले, ॲकॉर्डियन बाजूला ठेवलं आणि पोराला जवळ घेतलं.