पुंजाजीची तहान

शंकरपटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीत, बैलजोडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. धुरकऱ्याच्या घशाखाली पटाच्या दिवशी काहीतरी जहाल उतरलेलं असणारच, असा लोकांचा पक्का समज. तो अगदीच खोटा नव्हता. कोणी मोहाची घेई, कोणी भांग, कोणी दुधात कच्ची अंडी फोडून पिई. आमचा पुंजाजी काय घेतो, याचा मात्र कोणालाच पत्ता लागत नसे. त्याला कोण्या साधूनं काढा दिलाय, असं देऊळगावच्या बाजारात बोललं जायचं. त्याची बायको रुखमाबाई हसून म्हणायची, "साधूले एवढं समजत असतं तर तोच नसता का पट खेळला?"

नारायणरावांची सून होऊन मी देऊळगाव राजाजवळच्या गावी आले ते १९३५ साली. पुंजाजी तेव्हा पंचेचाळिशीचा, खारकेसारखा सुकलेला, चार एकरांचा मालक होता. सासऱ्यांची पटाची जोडी तोच सांभाळायचा. पहिल्या आठवड्यात मी त्याला चहा दिला तो कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवला होता तसा: कोरा चहा वेगळा, दूध वेगळं, साखर वेगळी. त्यानं आधी दूध प्यायलं, मग चहा, आणि शेवटी साखर तोंडात टाकली.

"सूनबाई," तो म्हणाला, "पोटात जाऊन सारं एकच होते. मंग तोंडाले तीनदा काऊन राबवाचं?"

तेव्हापासून त्याचा चहा गूळ घालून, दूध घालून, चांगला उकळून व्हायला लागला. बशीत ओतून तो चार बशा प्यायचा. पण बशी ओठाला लावण्याआधी गोठ्याकडे तोंड करून विचारायचा, "पाणी झालं काय रे मोऱ्याचं?" झालं नसेल तर बशी खाली ठेवून आधी तो उठायचा.

"बैल तहानेला ठेवून आपण पेलो न सूनबाई, तर पाणी गयात अडकते," एकदा त्यानं मला सांगितलं. पटाआधी बैलांना पाणी पाजत नाहीत, पोट जड होतं. म्हणून पटाच्या दिवशी पुंजाजीही सकाळपासून थेंब घेत नसे. एवढंच ते गुपित. "पुंजाजीचा काढा म्हणजे काहीही नाही," असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं.

जोडीतला चांद्या शहाणा होता. मोऱ्या ताकदीनं दांडगा, पण मनाचा लहरी. लागोपाठ दोन पटांत तो अर्ध्या वाटेत बाजूला वळला आणि जोडी हरली. सासरे चिडले. दुसरबीडच्या पटात पहिला नंबर आला नाही, तर मोऱ्या बाजारात उभा करायचा, असं त्यांनी जाहीर केलं.  मोऱ्याला पुंजाजीनं वासरू असल्यापासून वाढवलं होतं. तो आठवडाभर जेवणावरून अर्धपोटी उठतो, हे रुखमाबाईनं मला येऊन सांगितलं.

रविवार, १४ फेब्रुवारी १९३७. आम्ही बायका दमणीत, म्हणजे पडद्याच्या बैलगाडीत, बसून पट पाहायला गेलो. पटाचे यजमान होते दुसरबीडचे पंजाबराव. त्यांनी त्या वर्षी जालन्याहून गोळीच्या सोड्याच्या दोन पेट्या आणल्या होत्या. प्रत्येक धुरकऱ्यानं गाडी सोडण्याआधी यजमानाच्या हातून एक बाटली प्यायची, असा नवा मान त्यांनी काढला. गोळी दाबली की फट्ट आवाज, फेस, आणि सगळ्यांच्या टाळ्या. पंजाबराव स्वतःच्या हातानं गोळ्या दाबत होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि तोंडभर हसू होतं.

शेवटच्या धावेला आमची जोडी सोनाळ्याच्या जोडीसमोर आली. सोनाळ्याच्या धुरकऱ्यानं बाटली रिकामी करून मोठा ढेकर दिला. पुंजाजीनं हात जोडले.

"मी नाही पेत, पाटील. माझे बैल तहानले आहेत."

"दारू नाही बे, सोडा आहे!"

"हाव. पण बैलाच्या आधी नाही."

पंजाबरावांचं हसू मावळलं. "माझ्या गावात माझ्या हातचं नाकारतं? ऐका नारायणराव, तुमच्या माणसानं मान घेतला नाही तर गाडी सुटत नाही."

सासरे लाल झाले. "पे न रे! घोटभर सोड्यानं काय मरतं काय?"

पुंजाजीनं बाटलीकडे पाहिलं, मग मोऱ्याकडे. गाडी सुटली नाही तर मोऱ्या बाजारात जाणार, हे तिथे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्याचा हात काही पुढे होईना.

तेवढ्यात रुखमाबाई दमणीचा पडदा सारून ओरडली, "अवो पाटील, बैलालेच पाजा न आधी! तो काही तुमचा पाहुणा नाही काय?"

लोक हसले. पंजाबरावांनाही हसू आवरेना. त्यांनी बाटली पुंजाजीच्या हातात दिली. पुंजाजीनं तळहातावर चूळभर सोडा घेऊन चांद्यापुढे धरला. चांद्यानं जिभेचं टोक लावून तोंड फिरवलं. मोऱ्यानं मात्र लप्पकन चाटला, नाक वर करून दोनदा शिंकला आणि पुन्हा हात चाटायला लागला. मग पुंजाजीनं तेवढाच सोडा आपल्या ओठांना लावला. मान राहिला, गाडी सुटली.

पुढचं सगळं धुळीत झालं. अर्ध्या वाटेवर, जिथे मोऱ्या नेहमी वळायचा, तिथे माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तो सरळच पळत होता, मान ताणून, आणि पुंजाजी गाडीवर जवळजवळ आडवा होता. शेवटच्या रेषेवर आमचं निशाण आधी पडलं. सोनाळ्याची जोडी दीड हात मागे राहिली.

लोकांनी पुंजाजीला उचलायला धाव घेतली. त्यानं सगळ्यांना हातानं थांबवलं, जोडी सोडली, बैलांना फिरवून थंड केलं आणि बादल्या मागवल्या. चांद्या लगेच प्यायला लागला. मोऱ्यानं बादली हुंगली आणि तोंड वळवलं ते थेट सोड्याच्या पेटीकडे.

"पे बाप्पा," पुंजाजी विनवत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते, आवाज फाटला होता. "माही जीभ टायूले चिकटली. पे न!"

मोऱ्या ढिम्म. पंजाबराव बाटली घेऊन उभे, सासरे उभे, सारं गाव उभं. मी घड्याळ पाहिलं, बारा मिनिटं झाली. शेवटी पंजाबरावांनी एक बाटली बादलीत ओतली. मोऱ्या वळून पाहू लागला. दुसरी ओतली. तिसरीला त्यानं तोंड घातलं आणि बादलीचा तळ दिसेपर्यंत ते वर काढलं नाही.

मग पुंजाजी खाली बसला. पंजाबरावांनी गोळी दाबली. त्यानं डोळे मिटून सबंध बाटली एका दमात घशात सोडली, आणि मोऱ्यासारखाच दोनदा शिंकला.

"कसा आहे?" पंजाबरावांनी विचारलं.

"मुंग्या चावतेत," पुंजाजी म्हणाला. "पण गोड आहेत."

परतीच्या वाटेवर सासऱ्यांनी मोऱ्याच्या बाजाराचा विषय काढला नाही. शेवटी रुखमाबाईनंच त्यांना विचारलं, "मालक, मंग मोऱ्याचं काय ठरलं?"

"काय ठरणार?" सासरे कुरकुरले. "सोडा पेणारा बैल घेते कोण?"

पुढे दमणी हाकत बसलेला पुंजाजी मागे वळला नाही. पण त्याचे खांदे हसत होते, ते मला मागून दिसत होतं.