दाट जाळीचे चमनमामा

आमच्या टेनिसच्या कोर्टावर चमनमामांना विचारल्याशिवाय चेंडूसुद्धा उसळत नाही. चमन शिकलगार हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते पगारापुरतं. बाकी सगळ्यांचे ते मामाच. कामाला ते मार्कर आहेत. म्हणजे पहाटे येऊन कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या पट्ट्या आखायच्या आणि मग ज्याला जोडीदार मिळाला नाही त्याच्या समोर उभं राहून खेळायचं. रॅकेटची जाळी तुटली तर पायऱ्यांखालच्या खोलीत बसून नव्या तारा विणायचं गटिंगही तेच करतात. तोंड मात्र सगळा वेळ चालू. चुकीचा फटका मारला की मामलेदार असो नाहीतर माझ्यासारखी मसाल्याचा डंक चालवणारी बाई, मामा कुणाला सोडत नाहीत.

मी पूर्णिमा. मंगळवार पेठेत माझा मिरची-मसाला कांडायचा डंक आहे. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून रोज चालायला सांगितलं, आणि नुसतं चालायचा मला भयंकर कंटाळा. म्हणून नवऱ्याच्या मागं लागून कोर्टावर नाव घातलं. पहिल्या दिवशी मी रॅकेट लाटण्यासारखी धरली होती. मामा म्हणाले, वैनी, हितं चपात्या न्हाईत लाटायच्या. मला असा राग आला की बस्स. मिरचीत दिवस काढणाऱ्या बाईला राग यायचाच. पण त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि अजून जाते आहे.

मामांची शिकवण एका ओळीची. चेंडूला गोंजारायचं नाही, सरळ निरोप देऊन पाठवायचा. त्यांचा स्वतःचा फटका तसाच होता. मधल्या जाळ्यावरून जेमतेम सुटलेला, पलीकडच्या पट्टीजवळ टप्पा, आणि समोरचा नुसता बघत उभा. आता असा सपाट फटका मारायचा तर रॅकेट दाट जाळीची लागते, हे मामांचं ठाम मत. अठरा तारा उभ्या, वीस आडव्या. मी गटिंग चालू असताना त्यांच्याजवळ पुष्कळदा बसलेय, म्हणून मला त्यातलं थोडं कळतं. मैद्याची चाळण आणि गव्हाची चाळण यांत असतो तसाच फरक समजा. दाट जाळीत तारा एकमेकींना धरून असतात, चेंडू लागला तरी हलत नाहीत, म्हणून तो सांगितलेल्या जागी जातो. विरळ जाळीत तारा सरकतात, चेंडूला धरून फिरकी देतात, आणि तो जोरात सुटतो. ज्याला फिरकीचा हात आहे त्याला ती बरी. सपाट मारणाऱ्याचा चेंडू मात्र तिच्यातून थेट शेजारच्या गल्लीत. आणि तारांची भोकं चौकटीतच ठरलेली, त्यामुळं विरळ रॅकेट नंतर विणून दाट करता येत नाही.

दाट जाळी विणायला वेळ फार लागतो. एकेक तार वर-खाली, वर-खाली काढत मामा कुरकुरायचे, बोटांची सालं निघाली म्हणायचे, आणि पुढच्या माणसाला पुन्हा दाटच घे म्हणून सांगायचे. त्यामुळं झालं काय, आमची सकाळची अख्खी मंडळी दाट जाळीची. गावातला दुकानदारसुद्धा आमच्या कोर्टाचं नाव काढलं की न विचारता तीच रॅकेट पुढं ठेवायचा. रॅकेटमध्ये दुसरा काही प्रकार असतो, हे आमच्यातले बहुतेक जण विसरूनच गेले होते.

मग गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मामांची रॅकेट मधोमध चिरली. ते चिरलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून खेळत राहिले. ते सयाजीरावांना बघवलं नाही. सयाजीरावांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. माणूस अंगानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा आणि मनानं सगळ्यात मोठा. त्यांनी कुणाला वर्गणी मागितली नाही, दुकानात गेले नाहीत, मोबाइलवर बघून चांगली महागाची रॅकेट मागवली. निळाशार रंग, त्यावर चंदेरी पट्टा. एका रविवारी मामांना खुर्चीवर बसवलं, फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला आणि हार घातलेली रॅकेट हातात ठेवली. मामांनी हार बाजूला करून जाळीवर तळवा ठेवला. जरा थांबले. मग रॅकेट कपाळाला लावली आणि म्हणाले, लई भारी. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिथून पुढं मामांचा खेळ बिघडला.

चेंडू लांब जायला लागले. पहिल्यांदा वाटलं, नवी रॅकेट आहे, हात बसेल. पण पट्टीच्या आत पडणारा चेंडू मागच्या कुंपणाच्या तारेवर, तारेवरचा चेंडू बाहेरच्या रसवंतीच्या पत्र्यावर. मामा हळू मारायला लागले तर चेंडू जाळ्यात. शिकवणारा माणूसच असा खेळायला लागल्यावर लोक बोलणारच. कुणी म्हणालं, मोतीबिंदू असेल. कुणी म्हणालं, वय झालं. नवी मंडळी तर त्यांच्यासमोर खेळायला टाळाटाळ करायला लागली. मामांचं तोंडही बंद झालं. मी एकदा मुद्दाम रॅकेट लाटण्यासारखी धरून दाखवली, तरी ते नुसते हसले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

आमचे सेक्रेटरी विजयसिंह. माणूस वाईट नाही, पण कारभारी. त्यांनी बाहेरून एक शिक्षक आणायचं ठरवलं. दिवाळीनंतर सकाळचा खेळ त्याच्याकडं, आणि मामांनी फक्त पाणी मारायचं, पट्ट्या आखायच्या, फाटक बघायचं. हे मामांना सांगायचं कुणी, यावर मात्र सगळे एकमेकांकडं बघत होते. शेवटी दसरा झाल्यावर बघू म्हणून विषय ढकलला. आमच्याकडं अशा गोष्टी लपत नाहीत. चहाच्या टपरीवरून त्या मामांपर्यंत पोचल्याच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या कोर्टावर रॅकेटींची पूजा असते. कारखान्यात यंत्रांची होते, माझ्या डंकावर डंकाची होते, तशी इथं रॅकेटींची. पांढरी चादर मामाच अंथरतात. त्यावर सगळ्यांच्या रॅकेटी ओळीनं मांडायच्या, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. मामा आपली रॅकेट सगळ्यात शेवटी ठेवतात, तशी त्यांनी ठेवली. कुंकू लावायचं काम माझ्याकडं. मी एकेक करत पुढं सरकत होते आणि शेवटच्या रॅकेटपाशी माझा हात थांबला. ओळीतल्या सगळ्या रॅकेटी पोटाशी एकसारख्या दाट, आणि ही एकटीच विरळ. वर्षभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती. पण एकटी बघताना कळलं नव्हतं ते दहाजणींत ठेवल्यावर लगेच दिसलं.

बाकीचे प्रसादाकडं गेल्यावर मी मामांना खोलीजवळ गाठलं आणि तुम्हाला हे माहीत होतं का, असं सरळ विचारलं.

"हातात घेतली तवाच कळलं," मामा म्हणाले. "जाळीवर हात ठेवला न्हवता का म्या?"

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. वर्षभर लोकांची बोलणी खाल्लीत, कोर्ट हातचं जायची वेळ आली, आणि एक शब्द तोंडातून काढता येत नाही? मला तरी सांगायचं होतं, मी सयाजीरावांच्या कानावर घातलं असतं, ते हसत बदलून आणणारे आहेत. मामा सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले की सयाजीरावांनी एवढ्या हौसेनं, फेटा बांधून दिलेली चीज, तिला नाव कसं ठेवायचं. त्यांना कळलं तर वर्षभर आपणच मामांचा खेळ नासवला म्हणून ते जिवाला लावून घेतील. पुढं म्हणाले, दिवाळीनंतर तसाबी मी कळंब्याला लेकीकडं, शबनूरकडं जाणार हाय. पाणी मारायला कुणी बी मिळंल.

"वैनी, तुमी कुणाला सांगायचं न्हाय," ते म्हणाले. "शपत हाय."

शपथ घातल्यावर काय करणार? मी घरी आले, नवऱ्यावर उगीचच ओरडले, भाजीत मीठ दोनदा घातलं. या माणसाच्या भिडेचा मला इतका राग येत होता, आणि त्याच भिडेपायी तो मला इतका आपला वाटत होता, की रडूच यायला लागलं. कोर्ट सोडून हा माणूस कळंब्याच्या घरात बसून काय करणार होता? तिथल्या तळ्यावर जाऊन बगळे मोजणार होता?

दसऱ्याला सकाळी सगळे नवे कपडे घालून कोर्टावर आले. आमच्याकडं एक रीत आहे. पूजा झालेल्या प्रत्येक रॅकेटनं पहिला चेंडू मामांनी मारायचा. त्यांच्या हातचा शकुन झाला की ती रॅकेट वर्षभर आपली. विजयसिंह पलीकडून चेंडू टाकायला उभे राहिले आणि मामांनी चादरीवरची पहिली रॅकेट उचलली. ती विजयसिंहांचीच होती. चेंडू जाळ्यावरून सुटला, पट्टीजवळ पडला. दुसरी सयाजीरावांची. चेंडू पट्टीजवळ. तिसरी माझी. त्याच जागी. एकेक रॅकेट बदलत गेली आणि मामांचा हात खुलत गेला. वर्षभर हरवलेला तो सपाट फटका आम्ही सगळे पुन्हा बघत होतो. पलीकडं विजयसिंहांनी दोनदा मान वळवून टप्पा पडलेली जागा बघितली.

शेवटची रॅकेट उरली. मामा ती बगलेत मारून बाजूला निघाले, म्हणाले, झालं, आता सोनं वाटा.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते. पण रीत ती रीत. मी खच्चून ओरडले, "मामा, तुमच्या रॅकेटचा शकुन ऱ्हायला की!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिनं खाली बघितलं असतं. मी नाही बघितलं. सगळेच मारा मारा म्हणायला लागले. विजयसिंहांनी चेंडू टाकला. मामांनी तोच फटका मारला, तोच हात, तीच ढब, आणि चेंडू विजयसिंहांच्या डोक्यावरून, मागच्या तारेवरून, रसवंतीच्या पत्र्यावर जाऊन वाजला.

या वेळी कुणी वयाचं नाव काढलं नाही. सयाजीराव पुढं आले. त्यांनी मामांच्या हातातून रॅकेट घेतली, दुसऱ्या हातात आपली धरली, आणि दोन्ही उन्हाकडं करून बघितल्या. आयुष्यभर लोखंडाचा केसाएवढा फरक डोळ्यानं ओळखणारा माणूस. त्यांना सगळं समजलं. चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं.

"माझ्यानं चूक झाली, मामा," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मामा घाईघाईनं म्हणाले की रॅकेट चांगली हाय, हातच जुना झालाय, निम्मा दोष वयाचा हाय. खोटं नव्हतं ते. तेवढे फटके मारून त्यांना धाप लागली होती आणि ते गुडघ्यावर हात ठेवून उभे होते. विजयसिंह जाळ्याला वळसा घालून आले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की नवा शिक्षक येईल तो संध्याकाळी पोरांसाठी येईल, सकाळ मामांची आहे आणि मामांचीच राहील. मग मला म्हणाले, तुम्हाला माहीत होतं वाटतं. मी म्हटलं, मला शपथ होती. मामांनी कपाळावर हात मारला.

सयाजीरावांना मात्र चैन पडेना. आजच्या आज दुकानात जातो, दाट जाळीची सगळ्यात भारी रॅकेट आणतो, आणि ही निळी परत करतो, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकतो, असं म्हणून ते ती घेऊन निघालेसुद्धा. मामांनी त्यांच्या दंडाला धरलं. मामांनी कुणा मेंबराला हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"दुसरी आणायची तर आणा, खेळाय लागंल," मामा म्हणाले. "पर ही न्यायची न्हाय, सयाजीराव. पोरवयापास्नं हितं हाय मी. कुणाची चिरल्याली, कुणी टाकल्याली, कुणी पोराला नवी घेटली म्हणून दिल्याली, तसल्याच रॅकेटीवर जलम गेला. माज्यासाटनं म्हणून इकत आणल्याली ही पैलीच हाय."

सयाजीरावांनी निळी रॅकेट त्यांच्या हातात परत दिली. मग त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढलं, मामांच्या हातावर ठेवलं आणि वाकून त्यांच्या पाया पडले.