आमचा झॉम्बीपट आणि त्यांची शाल

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं! आम्ही पोरापोरींनी मोबाईलवर काढलेला झॉम्बीपट सकाळी अंथुर्णे गावच्या हॉलमध्ये दाखवला. रक्त म्हणजे काकवीत कालवलेलं कुंकू. मुख्य झॉम्बी शेजारच्या कमलकाकू.

सिनेमा वीस मिनिटांचा आणि आधी पाहुण्यांचा सत्कार तासभर! शाल, नारळ, भाषणं. प्रमुख पाहुणे म्हणाले, "असलं फालतू काढण्यापेक्षा काहीतरी चांगलं काढा." अहो, बघितला तरी होता का? सिनेमा सुरू होताच शाल घेऊन उठले, त्यांच्यामागं अर्धा हॉल.

असल्या सिनेमात मेकअप ओघळतो, पण माणसं जीव ओतून मरतात. शाल खरी कुणाची होती, सांगा!

काकू एवढंच म्हणाल्या, "शूटिंगला मुंग्या चावत हुत्या, तरी मी उसात मढ्यागत पडून ऱ्हायले. ह्यास्नी खुर्चीत वीस मिनिटं बसवंना व्हय?"