तीनशे एकावं कार्ड

कापडगिरणीतला नक्षीची कार्डं टोचणारा माणूस सगळ्यांचा टोचेकाका होता. एकतीस वर्षं त्याने पुठ्ठ्याला भोकं पाडली; कुठला धागा कधी उचलायचा, हे मागाला त्या भोकांवरूनच कळे. कामात वाघ, पण 'माझं चुकलं' म्हणायची वेळ आली की मुलखाचा हट्टी.

यंदा भिंतीला लावायचं चारशे पंचाण्णव मीटर कापड विणायचं होतं आणि नक्षी कुठेही परत दिसायला नको होती. काकाने तीन रंगांसाठी कार्डांच्या तीन माळा केल्या: शहाण्णव, शंभर आणि एकशे चार कार्डांची. दर आडव्या धाग्याला तिन्ही माळा एकेक कार्ड पुढे सरकत, आणि माळ संपली की पुन्हा तिचं पहिलं कार्ड येई. तिघांचा गुणाकार जवळजवळ दहा लाख; तितके धागे गेल्यावरच तीच तीन कार्डं पुन्हा एकत्र येणार, असा त्याचा हिशेब. सेंटिमीटरला वीस धागे, म्हणजे पाचशे मीटरला जेमतेम ऐंशी सेंटिमीटर कमी. काका मिशीतल्या मिशीत हसला.

पंधरा मीटर साठ सेंटिमीटरवर तपासणीच्या टेबलावरून त्याच्या थोरल्या बहिणीने हाक मारली, "अरे, हे तर मघाचंच परत आलंय!"

मालक तापलाच. "पुन्हा असं झालं तर तुमची कार्डं टोचायची खोली बंद. कार्डं बाहेरून आणू."

गिरणी सोडून काकाला दुसरं काहीच येत नव्हतं. तो वही घेऊन बसला आणि त्याच्या लक्षात आलं, तिन्ही आकड्यांना चारने भाग जातो. मग ते वाटेतच एकमेकांना गाठणार! त्याने पहिल्या दोन माळांत एकेक कार्ड वाढवलं, तिसरीतलं एक काढलं. सत्त्याण्णव, एकशे एक, एकशे तीन. गुणाकार दहा लाख नऊ हजार एक्याण्णव. दोनाने, तीनाने, साताने, तेराने भागून पाहिलं, तो आकडा कुणालाच दाद देईना. सत्त्याण्णवपर्यंत पोचल्यावर कुठे नमला.

"किती कार्डं वाढली रे?" ताईने विचारलं.

"एकूण एक."

"एवढ्याने साडेपंधराचे पाचशे मीटर?"

"कागदावर तरी होतात. कागदाने मला आधी एकदा फसवलंय."

माग अकरा दिवस चालला. ताईने इंच न् इंच पाहिला, नक्षी कुठेच परत आली नाही. मालकाने ऑर्डरचं कापड कापून घेतलं आणि "खोली राहू द्या तुमची" एवढंच पुटपुटला. काकाचा जीव भांड्यात पडला, पण पाय घराकडे वळेनात. मागावर उभ्या धाग्यांचा दहा मीटर ताणा उरला होता.

"चालव, कागद खरा बोलतो का बघू," ताई म्हणाली. तिने कापडाच्या सुरुवातीचा वीतभर तुकडा जपून ठेवला होता, तो शेजारी धरला.

पाचशे चार मीटर झाले. चोपन्न सेंटिमीटर झाले. त्यानंतर आणखी अकरा धागे गेले, कागदावरचे दहा लाख नऊ हजार एक्याण्णव पुरे झाले, आणि बाराव्यापासून पहिल्या दिवसाची नक्षी ओळीमागून ओळ उतरू लागली, रंगाला रंग लावून.

काकाने माग थांबवला. डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

"मी फक्त भोकं पाडली गं, ताई," तो म्हणाला. "बाकी सगळं आकड्यांनी केलं. हे मला कुठे जमतंय?"