लवू घाडीचं गाऱ्हाणं

लवू घाडी डाव्या पायानं लंगडायचा, आणि का लंगडतो हे वाडीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगायची. दारू ढोसून हुतूतू खेळायला गेला आणि गुडघा मोडून घेतला. सात वर्षं तो हे ऐकत होता. लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं, बापाच्या तेराव्याला जेवायला बसलेल्या पाहुण्यांकडूनही ऐकलं. आधी तो चिडायचा, खरं काय ते ओरडून सांगायचा. मग लोक आणखी हसायचे. शेवटी मूग गिळून बसायला शिकला.

खरं तर लवूनं तेव्हा दारूला बोटही लावलं नव्हतं.

धामापूरच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर ही वाडी, आणि वाडीचा रवळनाथ हुतूतू संघ. भाताची कापणी-मळणी उरकली की देवळासमोरचा कुणगा रिकामा व्हायचा. त्यातली भाताची खुंटं उपटायची, पाणी मारायचं, चोपण्यानं माती चोपून घट्ट करायची आणि चुन्याच्या रेघा ओढायच्या, की हंगाम सुरू. पण त्याआधी गाऱ्हाणं. पोरांनी अर्धगोलात उभं राहायचं, घाड्यानं नारळ हातात घेऊन देवाला एकेक मागणं सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. हा मान लवूच्या घराचा. त्याचा बाप महादू घाडी खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचा, आणि ‘व्हय म्हाराजा’ सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं यायचं ते दत्तारामच्या तोंडून.

दत्ताराम संघाचा कप्तान. अंगानं आडवा, बोलायला गोड. लवू त्याच्या अर्ध्या वजनाचा, पण चढाईला गेला की दम सुटायचा नाही, आणि दोन गडी मारल्याशिवाय परत यायचा नाही. पंचावन्न साली मुंबईच्या एका गिरणीचे साहेब मालवणला सामने बघायला येणार होते. गिरणीच्या संघात एकच जागा होती, आणि तिच्यासोबत कायमची नोकरी. ती जागा कोणाची, हे वाडीत कुणाला विचारायची गरज नव्हती.

सामन्याला आठ दिवस उरले असताना दत्ताराम म्हणाला, “लवू, सगळे गेले तरी आपण दोगा थांबया. माका तुजी चढाई बघूची आसा.” लवू भोळा, थांबला. तिसऱ्या चढाईला दत्तारामनं दोन्ही पायांची कैची त्याच्या गुडघ्याभोवती घातली आणि अंग टाकून पिळली. सरावात कैची घालायची नाही, हा सगळ्यांनी मानलेला नियम. हाडाचा आवाज लवूनं स्वतःच्या कानांनी ऐकला.

“अरे बापरे, लागला काय रे?” म्हणत दत्तारामनं पिशवीतून बाटली काढली आणि गुडघ्याला फेणी चोळली. दुखण्यावर फेणी चोळतात, त्यात काही वावगं नाही. पण त्यानं ती पोटरीवर, धोतरावर, सदऱ्यावर सांडली. दारूबंदीचे दिवस, फेणी गोव्याहून लपूनछपून यायची. खांद्यावर टाकून त्यानं लवूला घरी आणलं, तेव्हा महादूनं पोराच्या पायाकडे नंतर बघितलं, आधी वास घेतला.

“ह्यो पिऊन इलो होतो, काका. मी सांगतच होतंय, खेळू नको म्हणान,” दत्ताराम म्हणाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं मेल्यानं!

गिरणीची जागा दत्तारामला मिळाली. लवू सहा महिने खाटेवर. बापानं त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा रे, झालं काय. गाऱ्हाण्याचे शब्द शिकवले, सूर शिकवला, पण तोंड फिरवून शिकवले. साठ साली महादू गेला तो पोरगा दारुडा आहे हेच खरं धरून गेला. लंगडं होणं लवूनं सोसलं, नोकरी गेली तेही सोसलं. हे मात्र त्यानं दत्तारामला कधीच माफ केलं नाही. सकाळी चूळ भरताना त्याला तो आठवायचा, नांगर धरताना आठवायचा. कधी कोयत्याकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, ह्यानं काय होणार? डोकं फुटेल, पण तोंडातून खरं येणार नाही. लवूला त्याच्या तोंडातून खरं हवं होतं, तेही सगळ्यांसमोर.

वाट सापडली ती बापाच्याच एका फजितीतून. एका वर्षी महादू सकाळी तारकर्लीला नव्या होडीचं गाऱ्हाणं घालून आला आणि संध्याकाळी संघाच्या गाऱ्हाण्यात चुकून म्हणाला, “तारकर्लीकारांक यश दी रे म्हाराजा!” तारकर्लीचाच संघ समोर खेळायचा होता. तरी पोरं छाती फुगवून एकसुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा!” नारळ फुटेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यातही दत्तारामचा आवाज सगळ्यांच्या वर होता. गोठ्यात शेण काढताना लवूला हे आठवलं आणि तो एकटाच हसत सुटला. बायकोला, सुगंधाला वाटलं, नवऱ्याला खरोखरच चढली.

बासष्ट साली दत्ताराम आला. गिरणीनं सात वर्षांत पहिल्यांदाच हंगामाच्या वेळी रजा दिली होती. अंगात गिरणीच्या संघाची बनियन, हातात पोरांसाठी नवी शिटी. नव्या हंगामाचं उद्घाटन त्याच्याच हस्ते ठरलं. देवळासमोर लवू दिसताच त्यानं पाठीवर थाप मारली. “काय रे लवू, आता पितंस की सोडलंस?” सगळे हसले. लवूही हसला, आणि नारळ हातात घेतला.

“बा देवा रवळनाथा! आज तुजी लेकरां नव्या हंगामाक तुज्या पायाकडे जमली आसत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दत्तारामचा आवाज सगळ्यांच्या वर.

“तेंका चढायेक दम दी, पकडीक बळ दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाचो हात-पाय मोडूक नको, असां कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लवूनं सूर बदलला नाही, श्वासही लांबवला नाही. “सात वर्सांमागे ह्याच कुणग्यात दत्तारामान कैची घालून लवूचो पाय मोडलो, वर फेणी ओतून तेका दारुडो ठरवलो, तां तो आज तुज्यासमोर कबूल करता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळे म्हणाले. दत्तारामही म्हणाला, सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. मग एकेकाच्या डोक्यात शब्द शिरायला लागले. कुणीतरी खाकरलं. पोरं दत्तारामकडे बघू लागली.

“ह्या काय रे?” दत्ताराम हसायला गेला. “सवयीन म्हटलंय मी! तुमी सगळ्यांनीच म्हटलास!”

“बरोबर,” लवू म्हणाला. “मगे आता नाय म्हण. देव हयच आसा. तुज्या बायलमाणसाची, पोरांची आण घे आणि नाय म्हण.”

दत्तारामनं तोंड उघडलं. देवळाच्या दारातून रवळनाथाची मूर्ती दिसत होती. त्यानं तिकडे बघितलं आणि तोंड मिटलं. सगळ्यांत म्हातारा बाबली पुढे आला, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “महादू हेच्या पायी जळत मेलो रे.” दत्तारामच्या अंगातली बनियन घामानं चिकटली. सात वर्षांची भूक लवूनं डोळे भरून भागवून घेतली. त्याला जराही दया आली नाही, आणि आली नाही ह्याची लाजही वाटली नाही.

गाऱ्हाण्याची शेवटची ओळ राहिली होती. चुकला-माकला असात तर माफ कर रे म्हाराजा. ही ओळ म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, देवाकडे प्रकरण उघडंच राहतं, असं महादू शिकवायचा. सगळे ‘व्हय’ म्हणायला तयार होऊन उभे होते. लवूनं नारळ उचलला आणि दगडावर आपटला.

“लवू,” दत्तारामचा आवाज आता पोरांच्याही खाली होता, “शेवटचां म्हणूक नाय तू.”

“ठाव आसा माका.”

“म्हण मरे. तुज्या पाया पडतंय.”

लवूनं खोबऱ्याचे तुकडे केले, पोरांच्या हातावर एकेक ठेवला. दत्तारामच्या पसरलेल्या हातावरही ठेवला. देवाचा प्रसाद कुणाला नाकारायचा नसतो.

“माजो बापूस माफ करीत असतो तर म्हटलं असतंय,” तो म्हणाला. “तेका जावन इचार.”

मग शिटी दत्तारामच्या हातातून काढून घेतली, फुंकली आणि लंगडत रेघेबाहेर जाऊन बसला. पोरं मैदानात उतरली.